बेचाळीस मिनिटांची भेट

सोमवारी सकाळी साडेनऊला अंड्याच्या पफचा पहिला घास तोंडात असताना मला दिसलं की इसक्किमुत्तु पहिला आला आहे. पफ गरम होता म्हणून असेल, मी थोडा वेळ तोंड उघडं ठेवूनच बसलो. आमच्या कंपनीचा धंदा म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना त्यांचे ग्राहक लक्षात ठेवून देणं. कुणाला काय विकलं, कोण रागावलाय, कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कुणाला पुन्हा कधी भेटायचं, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर सांगतं, आणि भेटायला जाणाऱ्या माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये बसून त्याच्यावर नजरही ठेवतं. हा नजरेचा भाग मी वाढवला, मरुदम पंप कंपनीसाठी. त्यांचे एकशे बारा विक्रेते मोटारसायकलवरून गावोगावच्या दुकानदारांना भेटत हिंडतात आणि दर सोमवारी त्यांची गुणानुक्रमे यादी लागते. इसक्किमुत्तु हा तिरुनेलवेलीकडचा विक्रेता आठ महिने एकशे चार नंबरच्या आसपास राहत होता. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. आता तो पहिला होता, आणि तोही एका भेटीच्या जोरावर. गुरुवार, अकरा वाजून वीस मिनिटं, भेटीची लांबी बेचाळीस मिनिटं. दुकानदार पंपवाल्याला चार मिनिटांत वाटेला लावतो. बेचाळीस मिनिटं आमच्या इतिहासात कुणी कुणाला धरून ठेवलं नव्हतं. खाली यंत्रानं प्रगतिपुस्तक लिहिलं होतं. ग्राहक चार. बोलण्यात ग्राहकांचा वाटा त्र्याण्णव टक्के, विक्रेत्याचा सात. ग्राहकाचं बोलणं मध्येच तोडलं का, तर एकदाही नाही. ग्राहकांच्या भावना उत्कट. विक्रेत्याचा संयम उत्कृष्ट. सूचना एवढीच, की पुढच्या वेळी त्यानं आणखी प्रश्न विचारावेत.

भेटीचं ध्वनिमुद्रण आपोआप होतं. कामाच्या वेळेत विक्रेता तीन मिनिटांहून जास्त एका जागी थांबला की तो ग्राहकाशी बोलतो आहे असं धरायचं, ही कल्पना माझी. रस्त्यात माणूस दुसऱ्या कशासाठी पडून राहील, असा प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारला नाही, मीही नाही. मी हेडफोन चढवला. चार ग्राहकांना नुसतं गप्प बसून जिंकणारा माणूस मला समजून घ्यायचा होता, त्याचा धडा करून बाकीच्या एकशे अकरांना पाठवायचा होता. पहिला आवाज मोटारसायकलचा, आडवी पडून घरघरणारी. मग कुणीतरी किल्ली फिरवली आणि बाकीचे आवाज स्वच्छ ऐकू यायला लागले. ओली गोणी फरशीवर आपटावी तसा एक. मग तसाच दुसरा. मध्ये सारखं अंतर. मारणारा घाईत नव्हता. ‘गाडीवर बसून जातोस होय रे?’ ‘चष्मा बघा की त्याचा.’ ‘परवा उतरला होता हा. ढकलत गेला होता गाडी.’ ‘मग आज काय झालं? पाय मोडला?’ आणि मग ज्याची चौकशी झाली होती ते मोडल्याचा आवाज. काटकी मोडल्याचा नव्हे, ऊस मोडल्याचा. इसक्किमुत्तुचे सात टक्के मला इथं सापडले. त्यात शब्द फार नव्हते. यंत्रानं त्यांच्यापुढे ‘संमतीदर्शक’ असं लिहिलं होतं. पफ माझ्या तोंडात तसाच होता आणि माझा जबडा त्याला चावत होता. जबड्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. एकोणिसाव्या मिनिटाला आमची बाई बोलली. अकरा आवाजांमधून मी निवडलेली, गोड, मोठ्या बहिणीसारखी. विक्रेता फार वेळ एका जागी राहिला की ती त्याला आठवण करून देते: ‘नमस्कार इसक्किमुत्तु. तुमचा पुढचा ग्राहक तुमची वाट पाहतो आहे.’ मार थांबला. ‘ही कोण?’ ‘फोनमधनं बोलतीय.’ ‘बायको असंल.’ मग एक सावकाश आवाज, तोंडात पान असलेला: ‘सांग तिला, थोडा उशीर होईल म्हणावं.’ थोडं थांबून, ‘माणसं सोडत नाहीत म्हणावं, फार आग्रह करतात.’ सगळे हसले. मीही हसलो. मोठ्यानं नाही, नाकातून. त्या दोन वाक्यांमधलं थांबणं नेमकं होतं, आणि त्या थांबण्यानंतर मी वयाच्या चौथ्या वर्षापासून हसत आलो आहे. यंत्र त्या आवाजाला ग्राहक क्रमांक एक म्हणतं. मी मामा म्हणतो.

वीरबाहू मामा आईचा सख्खा भाऊ. गाव कुरुंदंकाडू, तिरुनेलवेलीहून पाऊण तास. मामाची मुलगी भाच्याला द्यायची या रीतीनं तो मला लहानपणापासून जावईबापू म्हणतो. मुलगी सहा वर्षांपूर्वी तूत्तुकुडीच्या एका बँकवाल्याला दिली, पण मी पदावर कायम आहे. मला पोहायला त्यानंच शिकवलं. म्हणजे विहिरीत फेकलं, आणि मी काठाकडे आलो की वरून बांबूनं ढोसून पुन्हा मध्ये लोटलं. चौथ्यांदा मी वर आलोच नाही तेव्हा त्यानं उडी मारली, केसांना धरून बाहेर काढलं, आणि पाठीत अशी चापट हाणली की अर्धी विहीर माझ्या नाकातून परत गेली. मग मला छातीशी धरून तो बायांसारखा रडला. त्याच तळहाताचा आवाज मला हेडफोनमध्ये ओळखता आला. पाणी बाहेर काढतानाचा आणि दात बाहेर काढतानाचा आवाज एकच असतो, हे आधी ठाऊक नव्हतं. मामाच्या ओट्यावर बसून मी मे महिन्याच्या सुट्ट्या काढल्या. ओट्यासमोरून गावाचा मुख्य रस्ता जातो. त्या रस्त्यानं खालच्या वस्तीतली माणसं सायकलवरून यायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की उतरायची, चपला काढून हातात घ्यायची, सायकल ढकलत शेवटच्या घरापर्यंत जायची आणि मग पुन्हा बसायची. मी सात वर्षांचा होतो. माझी अशी समजूत झाली की आमच्या गल्लीत आल्यावर सायकली बिघडतात. एकदा एका म्हाताऱ्याला मी ओट्यावरून ओरडून विचारलं, ‘तात्या, चेन पडली का? मला बसवता येते.’ अख्खा ओटा हसून लोळला. मामानं मला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, ‘बघा, आमचा जावई इंजिनिअर होणार.’ म्हातारा पण हसला. हसणं त्याला भागच होतं हे मला अकराव्या वर्षी कळलं, आणि कळलेलं मी घडी घालून ठेवून दिलं. माहीत असणं वेगळं आणि आठवणं वेगळं. मी इंजिनिअर झालो.

गेल्या वर्षी हे काम अंगावर आलं तेव्हा मी एक दिवस इसक्किमुत्तुच्या मागं गाडीवर बसून हिंडलो, विक्रेत्याचा दिवस कसा जातो हे पाहायला. तो चाळिशीचा, अंगानं बारीक, दुकानदारांशी इतक्या हळू बोलणारा की त्यांना पुढं वाकावं लागे, आणि वाकलेला माणूस एखादा पंप घेऊन टाकतो. दुपारी एका फाट्यावर त्यानं सरळ रस्ता सोडला आणि तलावाला वळसा घेतला, चौदा किलोमीटरचा. ‘इकडून का?’ मी विचारलं. ‘त्या रस्त्याला कुत्री आहेत सर.’ ‘कुरुंदंकाडूत? अहो, ते माझ्या मामाचं गाव. माझं अर्धं आयुष्य गेलंय तिथं. मला एक कुत्रं चावलं नाही कधी.’ आरशात त्याचा चेहरा मला दिसत होता. त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, ‘तुम्हाला नाही चावणार अय्या.’ सकाळपासून तो मला सर म्हणत होता, त्या फाट्यानंतर अय्या म्हणू लागला. शेतमालकाला म्हणतात तसं. चहा पिताना तो उभा राहिला. मला वाटलं, जवळीक वाढली.

मग मी रस्ते सुधारले. सगळ्या विक्रेत्यांचे फुकटचे वळसे शोधून काढले आणि सरळ केले. दिवसाला प्रत्येकी दीड जादा भेट निघाली आणि मरुदमचे विक्री-प्रमुख दंडपाणि सर यांनी मला फोनवर ‘रत्न’ म्हटलं. विक्रेत्यानं ठरलेला रस्ता सोडला की अॅप कारण विचारतं. चार कारणं दिली होती: गर्दी, पाऊस, पंक्चर, खासगी. इसक्किमुत्तुनं दोन महिन्यांत शेहेचाळीस वेळा पंक्चर लिहिलं. दंडपाणि सरांनी पाहिलं. ‘पांडी, ह्या माणसाला टायर घेऊन द्यायचा की डोकं?’ ‘महिन्याला दोन पंक्चरची मर्यादा घालतो सर.’ ‘रत्न आहेस.’ तिसऱ्या पंक्चरला गुण कापले जाऊ लागले. एकदा त्यानं मला थेट निरोप पाठवला होता, ‘अय्या, तो एक रस्ता सोडून बाकी कुठलाही द्या.’ त्याखाली मी अंगठा दाखवणारं चित्र टाकलं. वाचलं, एवढंच सांगायचं होतं. आता त्या भेटीच्या आठवड्यातल्या नोंदी काढून पाहिल्या. मंगळवारी तो पहिल्यांदा कुरुंदंकाडूतून गेला. सहाशे मीटर, ताशी तीन किलोमीटर. म्हणजे उतरून, ढकलत, बहुधा चपला हातात घेऊन. बाईनं त्याला दोनदा विचारलं होतं की गाडीत बिघाड आहे का. बुधवारीही तेच, आणि संथपणाबद्दल पाच गुण कमी. गुरुवारी तो उतरला नाही. ताशी एकोणतीस किलोमीटर, जपून, पोरांना धक्का लागू नये अशा वेगानं, आणि मामाच्या ओट्यासमोर शून्य. नकाशावर त्याचा हिरवा ठिपका ओट्याच्या पायरीवर होता. पायरी मला माहीत आहे, तिसरीचा कोपरा तुटलेला आहे. हा कोपरा मी चाळीस वेळा ऐकला असेन, सोमवार ते गुरुवार, त्या चार दिवसांत. त्याच्यावर डोकं आपटतं तेव्हा आवाज कमी येतो. दगड आवाज पिऊन घेतो.

दंडपाणि सरांचा फोन सोमवारीच आला. ‘तो इसक्किमुत्तु गाडीवरून पडला रे. जबडा, तीन बरगड्या, पाय. पोलिसांत पण अपघात म्हणूनच लिहिलंय. आणि तुझ्या यादीत तो पहिला कसा?’ मी म्हणालो, ‘तपासतो सर.’ ‘तपास नको करू, काढून टाक. माणसं विचारतील. मुद्रण-बिद्रण काही आहे का?’ मी म्हणालो, आहे. त्यांनी काय आहे ते विचारलं नाही. तीस वर्षं विक्रीत काढलेल्या माणसाला कुठला प्रश्न विचारू नये हे कळतं. ‘ग्राहकाचं नाव नसलेलं मुद्रण सात दिवसांनी आपोआप पुसतोस ना तू? जागा वाचते म्हणाला होतास.’ ‘हो सर.’ ‘चांगली सोय आहे. हात नको लावू तिला.’ म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं. गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी ते आपणहून गेलं असतं. इतका सोपा गुन्हा कुणाच्या वाट्याला येत नाही.

मंगळवारी इसक्किमुत्तुच्या बायकोचा फोन. अॅपमध्ये ‘मदत’ म्हणून माझा नंबर आहे, तो तिनं घरी भिंतीवर लिहून ठेवला होता. ‘मी पेच्चि बोलतेय, इसक्किमुत्तूंच्या घरची. सर, फोन त्या मारणाऱ्यांनी दगडानं फोडला. पण हे नेहमी म्हणायचे, फोन सगळं वर पाठवतो. वर काही गेलंय का?’ मी विचारलं, ते कसे आहेत. ‘जबडा तारेनं बांधलाय. पाटीवर लिहितात. पडलो म्हणून लिहितात पोलीस आले की. पोलीस गेले की पुसतात आणि चार नावं लिहितात.’ मागं इस्पितळाची गडबड ऐकू येत होती. ‘वकील म्हणतात, नावं पुष्कळ लिहिता येतात, आवाज पाहिजे. आहे का सर?’ ‘बघून सांगतो,’ मी म्हणालो. दिवसातून तीस वेळा म्हणतो तसं. ‘बघितल्यावर सांगा,’ ती म्हणाली, ‘नाही बघितलं तरी सांगा. म्हणजे मी वाट नाही बघणार.’ फोन ठेवल्यावर मला फार राग आला, तिचाच. मनातल्या मनात मी तिला ओट्यावरून खाली ढकललं, दोनदा, आणि मग तो राग माझ्या हातात आहे हे पाहून हात टेबलाखाली घातले. हात मामासारखे आहेत. आईला याचं कौतुक होतं.

बुधवारी मामा. ‘काय जावईबापू, आमची आठवण नाही होय?’ पहिली पाच मिनिटं देवीच्या जत्रेची. यंदा कापायला तीन बोकड, एक तुझ्या नावचा, डोळ्यांत जरा बेरका आहे, तुझ्यासारखाच. मग सहज: ‘परवा आपल्या दाराशी एक जण गाडीवरून पडला. तुझ्याच लोकांतला म्हणे, पंपवाला.’ ‘हं.’ ‘त्याच्या फोनात एक बाई बोलत होती. पोरं म्हणाली, ही तुमच्या जावयानं बनवली. खरं का रे?’ मी म्हणालो, आवाज निवडला मी. ‘लई गोड बोलते. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या भाच्याची बाई आहे ती.’ त्याला खरोखरच अभिमान वाटत होता. मलाही, एक क्षणभर, पोटात कुठंतरी ऊब आली. ती ऊब अजून मला कुठं ठेवावी कळत नाही. ‘फोन फुटला त्याचा,’ मामा म्हणाला, ‘आता त्यात काही राहत नसंल ना? तू इंजिनिअर.’ विहिरीच्या काठावर उभं राहून त्यानं माझ्याकडे असंच पाहिलं होतं, बांबू हातात धरून, प्रेमानं. ‘बघून सांगतो मामा.’

एकच उत्तर मी दोघांना दिलं होतं आणि गुरुवार उजाडला. सकाळी दहा ते अकरा मी दुसऱ्या एका कंपनीची तक्रार सोडवली; त्यांच्या यादीतल्या एकाच ग्राहकाला रोज नऊ वेळा शुभेच्छा जात होत्या. अकराला मी इसक्किमुत्तुची भेट उघडली. मुद्रणाची प्रत काढून घ्यायची सोय मीच बंद केली होती, ग्राहकाच्या खासगीपणासाठी. प्रत निघते ती फक्त ज्या भेटीला ग्राहक जोडलेला आहे तिची. मग ते मुद्रण सात वर्षं राहतं, दंडपाणि सरांनाही पुसता येत नाही, आणि कोणी विचारलं तर दाखवावं लागतं. म्हणजे ग्राहक पाहिजे. मी ‘नवा ग्राहक’ दाबलं. अर्ज माझाच, बावीस रकाने, सगळे सक्तीचे. विक्रेते मला त्यावरून शिव्या घालतात आणि ते बरोबर आहे, फार लांबतो. नाव: वीरबाहू. वडिलांचं नाव लिहिताना आजोबा आठवले, ते कुणालाही हात लावत नसत, नुसता खाकरत. घर क्रमांक, रस्ता, गाव. फोन नंबर मला पाठ आहे; हरवलास तर हा सांग म्हणून मामानंच पाठ करून घेतला होता, चुकलं की कान पिळून. व्यवसाय: शेती. ग्राहकाचा स्वभाव: प्रेमळ, तापट, विनोदी, यांपैकी एक निवडा. एकच निवडता येत होतं. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. मी तापट निवडलं, मग खोडलं, मग प्रेमळ, मग पुन्हा तापट. तीन मिनिटं यातच गेली, आणि मला स्वच्छ कळत होतं की आणखी आठ मिनिटं मी असाच घोळ घालत बसलो तर मला कुणीच काही म्हणणार नाही. पेच्चिसुद्धा नाही. ती फक्त वाट पाहायची थांबेल. शेवटचा रकाना: या ग्राहकाची ओळख कुणी करून दिली? तिथं विक्रेते स्वतःचं नाव लिहितात, बक्षीस मिळतं. मी लिहिलं, चेल्लपांडी, भाचा. भाचा लिहायची गरज नव्हती. ‘जतन करा’ दाबलं तेव्हा अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती. मुद्रण वीरबाहूला जोडलं गेलं. मी प्रत काढली आणि पेच्चिच्या नंबरावर पाठवली. खाली लिहिलं, बघितलं. आणखी एक ओळ लिहिली, रस्ता मी दिला होता, ती खोडली, मग पुन्हा लिहिली आणि पाठवली. तिचं उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या.

एक गोष्ट मी विसरलो होतो. नव्या ग्राहकाला कंपनीकडून आपोआप निरोप जातो. माझा फोन वाजला तेव्हा बाहेर बेकरीवाला ट्रे धूत होता आणि त्या खडखडाटात मला आधी वाटलं, वाजूच दे. ‘जावईबापू,’ मामा म्हणाला, ‘मरुदम परिवारात स्वागत आहे म्हणून आलंय. माझं नाव, वडिलांचं नाव, सगळं बरोबर. माझा नंबर कुणी दिला रे ह्यांना?’

‘मी दिला मामा.’

तो थोडा थांबला. त्याला सगळं कळलं असं मला वाटलं, कळावं असंही वाटलं.

‘बरं केलंस,’ तो म्हणाला. ‘मोटेच्या विहिरीला नवा पंप बघायचाच होता मला. जुना पाणी ओढत नाही. माणूस पाठवणार का कुणी?’

‘येतील मामा. एक-दोन दिवसांत येतील.’

‘चांगलीच माणसं पाठव पण, नाहीतर परवासारखी पाठवशील.’ तो आपल्याच बोलण्यावर हसला. मी हसलो नाही. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं, ‘कोण येणार आहे म्हणालास?’

मी खिडकीतून ट्रे धुणाऱ्याकडे पाहत राहिलो. ‘तुम्ही घरीच आहात ना?’ मी विचारलं.

‘मी कुठं जातोय,’ मामा म्हणाला, आणि मला ऐकू आलं की त्यानं पान थुंकलं, घसा साफ केला, आणि फोन कानाला तसाच धरून ओट्यावरून रस्त्याकडे पाहायला उठला.